फेल्स्पार खनिजांवरील उष्णतेचे परिणाम

तापविल्यामुळे फेल्स्पारांच्या अणुरचनेतील क्रमबद्धतेत व त्यायोगे प्रकाशीय गुणधर्मांत होणारे बदल. खडकांचा औष्णिक इतिहास जाणून घेण्यासाठी हे बदल उपयुक्त ठरले आहेत.

या अभ्यासाचा पाया फ्रेंच खनिजवैज्ञानिक आल्फ्रेद दे क्ल्वाझो यांनी १८६० नंतरच्या दशकात घातला. पोटॅश फेल्स्पाराची पातळ चकती तापविली असता दोन प्रकाशीय अक्षांमधील कोन लहान होत जाऊन शून्य होतो आणि नंतर आधीच्या प्रतलाला लंब असलेल्या प्रतलात पुन्हा वाढू लागतो, असे त्यांना आढळले. मध्यम तापमानापर्यंत तापविलेला स्फटिक निवल्यावर कोन पूर्ववत होई. मात्र तापमान बरेच उच्च असल्यास बदल कायम राही. रासायनिक संघटन तेच असताना हा कायमचा फरक कशामुळे पडतो, याचा उलगडा होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली.

डब्ल्यू. एच. टेलर यांनी १९३३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने सॅनिडिनाची संरचना निश्चित केली. ऑक्सिजन अणूंच्या चतुष्फलकांच्या या त्रिमितीय सांगाड्यात दर चार चतुष्फलकांपैकी सरासरी एकाच्या मध्यभागी ॲल्युमिनियम व तिहींच्या मध्यभागी सिलिकॉन असते. पोटॅश फेल्स्पाराचे प्रकार या दोन अणूंच्या वाटणीमुळे होतात, असे टी. एफ. डब्ल्यू. बार्थ यांनी १९३४ मध्ये सुचविले. उच्च तापमानाच्या सॅनिडिनात ही वाटणी अनियमित असते, तर मायक्रोक्लिनात ॲल्युमिनियम ठराविक स्थानीच आढळते; ऑर्थोक्लेज या दोहोंच्या मधले होय. या दोन मूलद्रव्यांचे अणुक्रमांक (१३ व १४) लगतचे असल्याने क्ष-किरणांनी त्यांतील भेद थेट ओळखणे कठीण असते. तो ऑक्सिजनापासूनच्या अंतरांवरून ठरविला जातो.

फेल्स्पारांचे द्विप्रणमन अल्प असल्याने प्रणमनांकांतील किंचित फरकानेही अक्षीय कोन पुष्कळ बदलतो. मायक्रोक्लिनात तो सु. ८०° असतो, तर सॅनिडिनात बराच लहान असतो. ओ. एफ. टटल यांनी १९५२ मध्ये अल्क फेल्स्पारांतील संघटन, औष्णिक स्थिती व हा कोन यांचा संबंध दाखविला. सोडियमाच्या प्रमाणानुसारही कोन बदलत असल्याने केवळ त्यावरून तापमान ठरविता येत नाही.

मायक्रोक्लीन सु. १,०५०° से. तापमानाला दीर्घकाळ ठेवल्यास त्यातील क्रमबद्धता नष्ट होते. केवळ थंड करून ती प्रयोगशाळेत परत मिळविता येत नाही, कारण अणूंचे स्थलांतर कमी तापमानाला अतिशय मंद असते. निसर्गात मात्र त्यास पुरेसा अवधी मिळतो. म्हणूनच लवकर निवलेल्या ज्वालामुखी खडकांत सॅनिडीन आणि खोलवर सावकाश निवलेल्या ग्रॅनाइटात बहुधा ऑर्थोक्लेज वा मायक्रोक्लीन आढळते. अशा प्रकारे स्फटिकाची क्रमबद्धता ही खडकाच्या निवण्याच्या वेगाची नोंदच ठरते.