मे महिन्यात रिकामं दिसणारं पठार

२७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने भारतात खाणी, धरणं, मोठे कारखाने यांना पर्यावरण मंजुरी बंधनकारक झाली. त्यात एक सवलत होती. वर्षभराचा अभ्यास नसला तरी एका ऋतूच्या नोंदींवर 'रॅपिड' अहवाल चालेल. फक्त तो ऋतू पावसाळा सोडून दुसरा हवा. २००६ मध्ये नवी अधिसूचना आली, पण पुढे मंत्रालयाने खाणींच्या अहवालांसाठी जो ठरावीक साचा काढला त्यात ही अट तशीच उतरली. एक ऋतू, बिगर-पावसाळी. हवा, पाणी, आवाज, माती आणि त्याच वाक्याच्या शेपटाला वनस्पती नि प्राणीसुद्धा!

हवेपुरतं हे अगदी बरोबर आहे. पावसात धूळ खाली बसते, मग हवा स्वच्छच दिसणार. पण तोच नियम फुलांना लावला की काय होतं? आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद असताना टेस्ट चालवायची आणि 'एकही बग नाही' म्हणून सही ठोकायची. :-)

सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची पठारं मे महिन्यात बघा. काळा-तांबडा कातळ, वाळकं गवत, बस्स. कासला सप्टेंबरात गर्दी करणारे आपण तिथे मे महिन्यात जात नाही ते उगाच नाही. तिथल्या बऱ्याच वनस्पतींचा सगळा संसार चार महिन्यांचा. साताऱ्याचं नाव मिळालेला वायतुरा (अपोनोजेटॉन सातारेन्सिस) किंवा सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्पं, ही उरलेले आठ महिने जमिनीखाली कंद होऊन पडून असतात. सीतेची आसवं तर बी टाकून मोकळी होतात.

गंमत अशी की लाखो वर्षं पावसाने दगड धुऊन जो जांभा तयार झाला, त्यातच काही ठिकाणी बॉक्साइट साठलं. कोल्हापूरकडे राधानगरी, शाहूवाडीच्या पठारांवर त्याच्या खाणी निघाल्या. म्हणजे ॲल्युमिनियमवाल्याला हवा असतो तो वरचा थर आणि या फुलांचं घर, दोन्ही एकच. एकदा तो थर काढला की वर माती टाकून झाडं लावता येतात, पण ते पठार राहत नाही. कातळावरची बोटभर माती आणि तिच्यात साठणारं पाणी कुठून आणणार?

मग प्रश्न बदलायला हवा. 'इथे दुर्मीळ झाड दिसलं का?' हा सोपा प्रश्न झाला. खरा प्रश्न 'इथे ते वाढू शकतं का?' हा आहे. याचं उत्तर द्यायला उंची, दगड, मातीची जाडी, पाणी किती दिवस साचतं हे बघावं लागतं आणि आसपास आधी कोणाला काय सापडलं होतं हेही. ही शेवटची माहिती आपल्याकडे भरपूर आहे आणि तिचा बराच भाग आपल्या अंगणात गोळा झालाय.

दापोडी म्हटलं की आपल्याला लोकल आणि हॅरिस पूल आठवतो. तिथे १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं होतं! अलेक्झांडर गिब्सन तिथला प्रमुख होता. त्याने एका देशी चित्रकाराकडून काढून घेतलेली वनस्पतींची चित्रं आज एडिंबरोच्या उद्यानात आहेत. गिब्सन आणि डाल्झेल यांनी १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' छापलं. त्याच दशकात डाल्झेलने जुन्नरकडच्या डोंगरातल्या एका मांसल वनस्पतीला गव्हर्नर फ्रेअरचं नाव दिलं. तीच आपली शिंदळ माकुडी, पुढे जगातल्या अतिधोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत जाऊन बसलेली. चाकणहून नाशिक रस्त्याने जुन्नर किती लांब आहे ते तुम्हीच बघा.

आणि थिओडोर कूक. हा माणूस रेल्वेचा इंजिनियर म्हणून आला आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यूला बसून त्याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ पुरा केला. इंजिनियर लोकांनी नसत्या भानगडीत पडावं, याला इतकं जुनं उदाहरण आहे म्हणून मला तो फार आवडतो. जुन्या वाळवलेल्या नमुन्यांवरच्या चिठ्ठीत जागा असते आणि बहुतेकदा तारीखही. ती चिठ्ठी हाच डेटाबेस, दीडशे वर्षांचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात असे नमुने जपलेले आहेत.

'दिसलं नाही' यावर किती भरवसा ठेवायचा हे एका गवताने दाखवलंय. हबार्डिया हेप्टान्युरॉन १९१९ मध्ये जोग धबधब्याच्या तुषारांत सापडलं. वर धरण झालं, तुषार आटले, गवत गेलं. नामशेष म्हणूनच ते धरलं गेलं होतं. आणि मग या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी विद्यापीठाच्या श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते कोल्हापूर जिल्ह्यात तिलारीच्या ओल्या कड्यावर पुन्हा भेटलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणींचं राज्य आपल्यापेक्षा कितीतरी मोठं. तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत वनस्पती सर्वेक्षण कुठल्या भागात कुठल्या ऋतूत करायचं ते सांगितलंय. नैऋत्य भागात वसंतात, फुलं असताना. आपल्या साच्यातही धुळीसाठी कोरडे महिने ठेवा की, कोण नको म्हणतंय? वनस्पतींसाठी जुलै ते सप्टेंबर एवढी एक ओळ वेगळी लिहायची आहे. खाणीची परवानगी वर्षानुवर्षांची असते, त्यात एक पावसाळा थांबायला काही जड नाही.