खानदेशी लोकपरंपरा, स्थलांतरितांमधील

जळगाव व धुळे या जिल्ह्यांतून, तसेच १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातून, उपजीविकेसाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांनी परमुलखात टिकविलेले सण, खाद्यपदार्थ व लोकगीते यांचा समुच्चय. नाशिक, पुणे, कल्याण इ. शहरांत ही परंपरा आढळते. तथापि परभाषिक प्रदेशातील तिचे सर्वांत ठळक रूप गुजरातमधील सुरत शहरात दिसते.

पार्श्वभूमी : खानदेश आणि सुरत यांना तापी नदीने जोडले आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचामार्गे अमळनेरपर्यंत आला आणि हा संबंध दृढ झाला. १९७२ चा दुष्काळ, कोरडवाहू शेतीचे तुकडे आणि धुळे, अमळनेर, चाळीसगाव व जळगाव येथील कापडगिरण्यांना लागलेली उतरती कळा यांमुळे अनेक कुटुंबांनी गाव सोडले. त्याच सुमारास सुरतेत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे यंत्रमाग व रंगाईचे कारखाने वाढत होते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशी वस्ती दाट झाली. लोकांची ही ये-जा एकाच दिशेची नव्हती. खानदेशातील गुजर व लेवा या शेतकरी समाजांत आपले पूर्वज गुजरात-राजस्थानाकडून आल्याची परंपरा सांगितली जाते. अहिराणी बोलीवरही गुजरातीची छाया आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत (खंड ९, भाग ३; १९०७) खानदेशीचा विचार भिल्ली बोलींबरोबर केला, मराठीबरोबर नव्हे. त्यामुळे सुरतेत गेलेल्या खानदेशी माणसाला तेथील भाषा सर्वस्वी परकी वाटली नाही. आपली बोली लवकर मागे पडण्यासही हीच जवळीक कारणीभूत ठरली.

सण : खानदेशचे सण शेती आणि नाती या दोन आधारांवर उभे आहेत. शहरात त्यांतील पहिला आधार तुटला. पोळा हा बैलांचा सण गिरणगावात मातीच्या बैलजोडीच्या पूजेपुरता उरला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचे वर्ष या दिवशी संपून नवे सुरू होई. पितरांच्या नावाने घागर भरली जाई आणि सासुरवाशिणी माहेरी येऊन गौराईची गाणी म्हणत, झोके घेत. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या सणावर रचलेली कविता प्रसिद्ध आहे. शहरात सालदारी उरली नाही आणि झोक्याला झाडही मिळेनासे झाले. घागर आणि आमरस-पुरणाचा नैवेद्य मात्र घरोघरी चालू राहिला.

याउलट कानबाईचा उत्सव स्थलांतरानंतर वाढला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी नारळाला नथ, दागिने व वस्त्र लेववून कानबाईची स्थापना करतात. रात्रभर गाणी म्हणून जागरण होते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. घरातील माणसे मोजून मुठींनी गहू घेतात व त्याच्या पिठाचे रोट करतात. हे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खावयाचे असतात. ते कुळाबाहेर देत नाहीत. या नियमामुळे विखुरलेल्या भावांना वर्षातून एकदा एका चुलीशी यावेच लागते. काही कुटुंबे त्यासाठी गावी परततात, तर काही सुरतेतच थोरल्या भावाच्या घरी जमतात. गावात घराघरांतून साजरा होणारा हा कुलाचार शहरात मंडप, मिरवणूक व सामुदायिक विसर्जन यांमुळे सार्वजनिक झाला. अशी उदाहरणे अन्यत्रही आहेत. ब्राझीलमधील ब्लूमेनाउ या जर्मन वसाहतीत (स्थापना १८५०) घरगुती खाणे, नाच व गाणी यांना १९८४ पासून ‘ऑक्टोबरफेस्ट’ या सार्वजनिक उत्सवाचे रूप आले. परमुलखात सण हा आपल्या समूहाची ओळख इतरांना पटवून देण्याचेही साधन बनतो.

खाद्यपदार्थ : कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा, खापरावरचे मांडे आणि भरीत हे पदार्थ घरोघरी टिकले आहेत. त्यांची कृती मात्र बदलली. भरताची वांगी गावी कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर भाजतात व लाकडी बडगीत ठेचतात. शहरात तेच काम गॅसवर होते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. मांड्यासाठी पालथे खापर, धगधगती चूल आणि हातावर पुरणपोळी विस्तारण्याचे कसब लागते. छोट्या खोलीत हे जमत नसल्याने मांडे मागणीनुसार करून देणाऱ्या कसबी स्त्रियांकडून ते आणविले जाऊ लागले. ज्वारीचे बिबडे उन्हाळ्यात गावी वाळवून नातेवाइकांबरोबर पाठविले जातात. म्हणजेच पदार्थ शहरात खाल्ला जात असला, तरी त्याचे मूळ गावच्या अंगणातच राहते.

भाषा व गीते : २०११ च्या जनगणनेत खानदेशी व तिच्या बोली मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सु. १८.६ लाख होती. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. परंतु घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती-हिंदी अशा व्यवस्थेत शाळेबाहेरची बोली सर्वांत दुर्बळ ठरते. कानबाईची व गौराईची गाणी स्त्रियांच्या तोंडी आहेत. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ती जागरणातच पोहोचतात. ध्वनिवर्धकावरील मुद्रित अहिराणी गीतांनी बोलीला नवा श्रोता दिला, पण जागरणात एकीने ओळ म्हणावी व इतरींनी ती उचलावी, ही शिकण्याची रीत त्यामुळे मागे पडू लागली.

या परंपरेचा इतिहास असे दर्शवितो, की शेताशी बांधलेले आचार स्थलांतरात क्षीण होतात, तर भाऊबंदकी व चूल यांच्याशी बांधलेले आचार टिकतात आणि क्वचित वाढतातही. रोटाची मूठ मोजणारी पिढी शहरात सिद्ध झाली आहे. रोट थापताना म्हणावयाची गाणी तिला येतील की नाही, यावर या परंपरेचे पुढील स्वरूप अवलंबून आहे; कारण गीतांवाचून कानबाईची मिरवणूक उरेल, परंतु तिची कथा सांगणारे कोणी उरणार नाही.