मोआबची बग्गी सफर : खडकाची वाट आणि जिवंत माती

अमेरिकेच्या युटा राज्यात कोलोरॅडो नदीजवळ वसलेले मोआब हे छोटे गाव लाल खडकांच्या ओसाड मुलखातील बग्गी सफरींसाठी प्रसिद्ध आहे. वाटाड्यासह होणारी ही भटकंती वरवर पाहता निव्वळ थरार वाटते. परंतु चाक कोठे टेकवायचे आणि कोठे नाही, हे जाणणे हा तिचा खरा गाभा आहे.

बग्गीचा उगम

ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात फोक्सवॅगन बीटलचे इंजिन व अन्य भाग वापरून फायबरग्लासची हलकी 'मेयर्स मँक्स' ही बग्गी तयार केली. १९६७ मध्ये त्यांनी टेड मँगल्स यांच्यासह मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हे खडतर अंतर ३५ तासांहून कमी वेळात कापले आणि या वाहनाला मोठी प्रसिद्धी मिळाली. मोआबमध्ये आज प्रामुख्याने 'साइड बाय साइड' ही नव्या पिढीची वाहने दिसतात. शेजारी-शेजारी आसने, रुंद टायर, चारही चाकांना मिळणारी इंजिनाची शक्ती आणि प्रवाशांभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, अशी त्यांची रचना असते.

वाटा कशा पडल्या?

१९५२ मध्ये चार्ल्स स्टीन यांना मोआबच्या दक्षिणेस युरेनियमचा मोठा साठा सापडला. त्यानंतर खनिजाच्या शोधात आलेल्यांनी बुलडोझरने वाटा पाडल्या. त्यांपैकी अनेक वाटांवर आज पर्यटकांची वाहने धावतात. 'हेल्स रिव्हेंज' ही विख्यात वाट 'स्लिकरॉक' या खडकावरून जाते. ज्युरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांचा हा दगड झालेला अवशेष आहे. नाल ठोकलेले घोडे त्यावरून घसरत, म्हणून त्याला हे नाव पडले. रबरी टायर मात्र त्यावर घट्ट पकड घेतात. त्यामुळेच येथे बग्गी तीव्र चढ सहज चढते.

मातीचे कवच

खडकाच्या आजूबाजूच्या वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो निर्जीव नाही. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल व शेवाळ यांनी बनलेले हे जिवंत कवच वाळूचे कण बांधून ठेवते, धूप रोखते आणि जमिनीला नायट्रोजन पुरवते. एकदा चाक फिरले की ते चुरडते आणि पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागू शकतात. शिवाय एका गाडीचा माग पाहून दुसरी त्यावरून जाते आणि नवी वाट पडते. खडकातील खळग्यांत साचलेल्या पाण्यातही सूक्ष्म कोळंबीसारखे जीव वाढतात. त्यामुळे त्यातून गाडी नेणे टाळावे.

वाटाड्याचे काम

काही सफरींत वाटाड्या स्वतः गाडी चालवतो, तर काहींत तो पुढे असतो आणि पर्यटक मागून येतात. खडकावर रंगवलेल्या खुणा सोडून कोणी भरकटू नये, ही त्याची जबाबदारी. पट्टा व हेल्मेट वापरावे. गाडी कलंडू लागल्यास हात-पाय बाहेर काढू नयेत. पिंजऱ्याचे संरक्षण आतल्यालाच मिळते. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपुढे जातो. त्यामुळे वसंत व शरद ऋतू अधिक सोयीचे. पाणी भरपूर सोबत ठेवावे.

वाहनांचे प्रमाण वाढल्याने वादही उद्भवले. सप्टेंबर २०२३ मध्ये संघीय भूव्यवस्थापन विभागाने मोआबजवळील सुमारे ५१० किलोमीटर वाटा मोटार वाहनांसाठी बंद करण्याचा निर्णय घेतला. वाहनप्रेमींच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. खुल्या वाटांवर जाणाऱ्या पर्यटकाने सरकारी जमिनीवर सफर नेण्याचा परवाना असलेल्या आयोजकाचीच निवड करावी आणि आखलेली वाट सोडू नये. क्षणभराच्या मौजेसाठी वळवलेल्या चाकाची खूण पुढच्या पिढीलाही दिसत राहते.