बादशहाचा दात आणि घरचा समोसा

इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या तलवारी असतात, त्यांच्या लढाया असतात, पण त्यांचे दात सहसा नसतात. आपला बीड जिल्हा त्याला अपवाद आहे. बीडजवळ करजणी गावाच्या शिवारात टेकडीवर एक जुनी घुमटी आहे. ती दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याच्या दाताची कबर म्हणून दाखवतात. वारंगळच्या मोहिमेवरून आजारी अवस्थेत परतताना सुलतानाचा एक दात बीड येथे पडला, तो त्याने समारंभाने पुरविला आणि वर इमारत बांधविली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. फिरिश्ता विजापूरच्या दरबारी होता आणि तो लिहीत होता सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा ही गोष्ट ऐकावी, पण तिचे वय विसरू नये.

माझ्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, असं काय खाल्लं होतं त्यानं, की दात पडला?" प्रश्न थट्टेचा होता, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असाच होता. सुलतानाच्या पदरचे लोक काय खात होते हे आपल्याला बरेच ठाऊक आहे. ते सांगणारा माणूस त्यांच्या पंक्तीला बसून जेवलेला होता.

त्याचे नाव इब्न बतूता. हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ साली सिंधू नदीवर पोचला. मुलतानहून दिल्लीला जाताना सरकारी पाहुणा म्हणून त्याला जी जेवणे मिळाली, त्यांचा क्रम त्याने लिहून ठेवला आहे. त्यात ‘समूसक’ नावाचा पदार्थ येतो. बारीक केलेले मांस, त्यात बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाला. हे सारे पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले. प्रत्येकापुढे चार-पाच नग ठेवीत आणि मग तुपातला भात येई. हाच आपला समोसा. आता, हा पदार्थ खाऊन बीडला दात पडला असे मी म्हणालो, तर टाळ्या मिळतील, पण तो इतिहास होणार नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांचे नाते जुळतेच असे नाही.

हाच इब्न बतूता पुढे दौलताबादला आला आणि तेथून नंदुरबारला गेला. तिथल्या मराठ्यांविषयी तो लिहितो की, हे लोक भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात आणि जिवाला इजा करणे त्यांना आवडत नाही. म्हणजे एकाच प्रवाशाच्या एकाच ग्रंथात दोन ताटे दिसतात. एक सुलतानी, एक मराठी. मात्र त्याने जी मराठी ताटे पाहिली ती सगळ्यांचीच होती असे समजू नका. प्रवासी ज्या घरी उतरतो त्याच घरची चूल पाहतो.

समोसा दिल्लीत जन्मला नाही. त्याचे नाव फारसी. अकराव्या शतकात बैहकी या इराणी इतिहासकाराच्या लेखनात तो येतो. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती आहे. मांस शिजवून बारीक करावे, धने, जिरे, मिरी, दालचिनी, पुदिना घालावा. पातळ पोळीच्या लांब पट्ट्या कापाव्या, त्यांत सारण भरून त्रिकोणी घडी घालावी, कडा पिठाने चिकटवाव्या आणि तिळाच्या तेलात तळावे. अरब देशांत आजही खिम्याचे आणि चीजचे असे दोन्ही संबूसक घरोघर होतात.

मग बीडच्या परिसरात त्या आधी काय होते? हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे कर्नाटकातले आजचे बसवकल्याण. आपल्याला काही फार दूर नाही. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, मांसाचे कितीतरी प्रकार आहेत आणि दूध फाडून केलेला छानासुद्धा आहे. तो फडक्यातून गाळून, तांदळाचे पीठ मिसळून, आकार देऊन तुपात तळावा असे राजा सांगतो. म्हणजे मांस, ताजे चीज आणि कढईतले तूप ही तिन्ही इथल्या राजाच्या मुदपाकखान्यात तुघलकाच्या दोनशे वर्षे आधी होती. समोशाचे नाव बाहेरून आले, घडी बाहेरून आली. ती ज्या हातांनी उचलली ते हात तळण्या-भरण्यात नवखे नव्हते.

पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मांडूच्या सुलतानासाठी ‘निमतनामा’ नावाची सचित्र पाकपोथी तयार झाली. तिच्यात समोशांच्या अनेक कृती आहेत. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईने अकबरी’त तर प्रमाणच दिले आहे. दहा शेर मांस, चार शेर मैदा, दोन शेर तूप, एक शेर कांदा, पाव शेर आले, अर्धा शेर मीठ, वर मिरी, धने, वेलदोडा, जिरे, लवंग. हिंदुस्थानचे लोक याला संबूसा म्हणतात, असेही तो नोंदवतो. या यादीत काय नाही ते पाहा. बटाटा नाही. मिरचीही नाही. ही दोन्ही अमेरिकेतली पिके. ती पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे आपल्याकडे आली. आज स्टँडवर जो बटाट्याचा झणझणीत समोसा आपण ‘आपला’ म्हणून खातो, तो या कुळातला सर्वांत धाकटा आहे.

आता घराकडे येऊ. आमच्या गल्लीत दिवाळीला आई करंज्या करायची आणि रमजानमध्ये शेजारच्या चाचींकडून खिम्याच्या समोशांचे ताट यायचे. चाची पट्ट्या घरीच करीत. दोन लहान पुऱ्या, मधे तेलाचा हात आणि पिठाची भुरभुर, एकावर एक ठेवून पातळ लाटायच्या. तव्यावर नुसत्या शेकायच्या, डाग पडू द्यायचा नाही. मग पापुद्रे सोडवून पट्ट्या कापायच्या. खिमा आले-लसूण घालून शिजवायचा आणि पाणी पार आटेपर्यंत परतायचा. पाणी राहिले की समोसा कढईत फुटलाच म्हणून समजा. गार झाल्यावर कच्चा कांदा, पुदिना, कोथिंबीर घालायची. त्रिकोणी घडी, कडेला पिठाची खळ, आणि मध्यम आचेवर तळण. पुष्कळ वर्षांनी बगदादच्या त्या पुस्तकातली कृती वाचली तेव्हा मी चकित झालो. त्या पट्ट्या, ती घडी, ती खळ मी चाचींच्या ओट्यावर पाहिली होती. चाचींनी ते पुस्तक पाहिलेले नव्हते. आठशे वर्षे ती कृती हातांनीच हातांना शिकवली होती.

आणि आई काय करायची? पिठाला कडकडीत मोहन घालायची, पारी लाटायची, सारण भरायची, कातणाने कड कापायची. सारण गोड, आकार करंजाच्या शेंगेचा, म्हणून नाव करंजी. चाचींकडे लग्नकार्यात लुखमी व्हायची. तीही मोहन घातलेल्या मैद्याची, चौकोनी, आत खिमा. हैदराबादकडचा हा पदार्थ. नाव ‘लुकमा’ म्हणजे घास या शब्दावरून. पिठाला मोहन किती, हे दोघीही मूठ वळून पाहूनच ठरवीत. मूठ वळली पाहिजे आणि दाबली की मोडली पाहिजे.

श्रोतेहो, हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. आपल्या भागाने निजामाची राजवट सोसली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती संपली. त्या शेवटच्या वर्षांत ज्यांनी रझाकारांचा जाच भोगला, त्यांच्या घरी त्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पण एकदा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, करंजी आपली आणि समोसा त्यांचा, असंच ना?" मी त्याला उलट विचारले, "त्यांचा म्हणजे कुणाचा रे? बगदादचा, तुघलकाचा, निजामाचा, की तुझ्या घराशेजारच्या चाचींचा?" तो गप्प राहिला. खरे सांगतो, लहान असतो तर मीही गप्प राहिलो असतो. जुलूम राजवटीने केला असेल तर त्याचा हिशेब राजवटीकडे मागावा. तो शेजारणीच्या ताटाकडे मागू नये. इतिहास शिकायचा तो हा हिशेब चुकू नये म्हणून.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सोमेश्वराची चूल लिहिली गेली, अकबराची लिहिली गेली. आपल्या आयांची कोणी लिहिली नाही. पुढच्या सुटीत मुलांना एक वही द्या. घरी आजी असेल, शेजारी चाची असेल, तिला विचारून एक कृती लिहून आणायला सांगा. काय घालते, किती घालते, कुणाकडून शिकली. गोड असो, तिखट असो, खिम्याची असो की पुरणाची. एवढेच. आमच्या चाची आता नाहीत. त्यांच्या समोशाची कृती मी वर सांगितली खरी, पण मसाल्यात त्या आणखी काहीतरी चिमूटभर घालीत. ते काय, हे मी कधी विचारले नाही. तुमची मुले तरी विचारोत.