मुक्त अनुवादक : पहिल्या वर्षाची पत

नोकरी न करता कामागणिक मोबदला घेऊन भाषांतर करणाऱ्यास मुक्त अनुवादक म्हणतात. त्याचा अनुवाद मात्र 'मुक्त' असून चालत नाही. बँकांची परिपत्रके, औषधांची माहितीपत्रके, जाहिराती, न्यायालयीन कागदपत्रे हे त्याचे नेहमीचे काम. मोबदला बहुधा शब्दसंख्येवर ठरतो.

पत ठरते ती मुख्यतः तारखेवर. जाहिरात छापून गेल्यावर हाती आलेला उत्कृष्ट अनुवाद कोणाच्याच उपयोगाचा नसतो. म्हणून विचारणा आली की आधी संपूर्ण मूळ मजकूर मागवावा, एखादे पान करून आपला वेग अजमावावा आणि मगच तारीख द्यावी. नवख्यास नकार देण्याची धास्ती वाटते. तथापि औषधाच्या मात्रेसंबंधीचा मजकूर नीट समजत नसताना स्वीकारणे हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे; तो जाणकाराकडे पाठवावा. मूळ मजकुरातील शंका अनुवादासोबत लिहून द्याव्यात. त्यात कमीपणा नाही. उलट ग्राहकाचा विश्वास बसतो.

दर, मुदत आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या ई-मेलवर लेखी ठरवून घ्याव्यात. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे देयक खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो; विलंबास चक्रवाढ व्याज लागते. पुस्तकाच्या अनुवादाचा प्रश्न वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क-हस्तांतराच्या करारात कालावधी नमूद नसेल, तर तो पाच वर्षे धरला जातो. तेव्हा सही करण्यापूर्वी ते कलम अवश्य पाहावे.