पोस्टकार्डावरचे शिक्के

१८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील मोमीन विणकर नाशिक जिल्ह्यात मालेगावी आले. आमचे घराणे त्यांतलेच. त्या पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या वर्षांतले कार्ड असणे शक्यच नाही. पाव आण्याचे पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ साली निघाले. पुढच्या पिढ्यांची कार्डे मात्र घरच्या पेटीत आहेत. मजकूर उर्दूत: सुताचा भाव, निकाह, मय्यत. मजकुरावर तारीख नसली तरी शिक्का बोलतो. मऊचा शिक्का म्हणजे पणजोबा गावी पोचले. मनमाडचा म्हणजे गाडीची वाट पाहत आहेत. शिक्के ओळीने लावले, तेव्हा कळले की येणेजाणे कधी तुटलेच नव्हते. "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारणाऱ्यांना आम्ही एकच कार्ड दाखवतो: टाकल्याचा शिक्का मऊचा, पोचल्याचा मालेगावचा. शाई पुसट होते आहे. आपापल्या घरची कार्डे वेळीच उतरवून ठेवा.