वकील व्हायचंय? बारावीनंतर की पदवीनंतर?
अनेक पालक आम्हाला विचारतात, वकिलीचा रस्ता कुठून सुरू होतो? दोन वाटा आहेत : बारावीनंतर 5 वर्षांचा कोर्स किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर 3 वर्षांचं एलएलबी. दोन्हीसाठी एमएच-सीईटी लॉ द्यावी लागते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत 5 वर्षांच्या कोर्ससाठी मात्र क्लॅट असते.

एलएलबीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून सनद घ्यायची आणि ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हायची. सुप्रीम कोर्टाच्या 2024 च्या निकालानुसार खुल्या वर्गाकडून नोंदणी शुल्क 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. तेव्हा सनदेच्या खर्चाला घाबरून मुलामुलींना थांबवू नका. पदवी घेऊन घरी बसलेल्या लेकीसाठीही ही वाट खुली आहे.